बादली, स्टँड आणि ४२ थेंब

"यंदाच्या बॅचला इंटरेस्टच नाही." आमच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी हेच. अहो, तासभर इंग्रजीतून डिक्टेशन दिल्यावर कुणाचा टिकेल? जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, माझ्या वर्गात बऱ्याच मुली मराठी माध्यमातल्या. व्याख्या घडाघडा म्हणतात, पण वॉर्डात सलाईनसमोर उभं केलं की सिस्टरच्या तोंडाकडे बघतात.

म्हणून आयव्हीचा, म्हणजे शिरेतून सलाईन देण्याचा, तास मी स्किल लॅबमध्येच (सरावाच्या खोलीत) घेते, मराठीतून. स्टँड, साध्या पाण्याची बाटली, ड्रिप सेट, खाली बादली. फळ्यावर एवढंच लिहिते: ५०० मिली, ४ तास, १ मिलीला २० थेंबांचा सेट. एकीच्या हातात रोलर क्लॅम्प (थेंबांचा वेग कमी-जास्त करायची चकती), दुसरीची नजर सेकंदकाट्यावर. १०,००० थेंब, २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२. मागच्या बाकावरची, कधी तोंड न उघडणारी एक जण म्हणाली, "मॅडम, अख्खं मिनिट कशाला मोजायचं? पंधरा सेकंदांत दहा-अकरा पडले की झालं ना?"

तेवढ्यात कुणीतरी स्टँड उंच केला आणि थेंब भरभर पडू लागले. लगेच प्रश्न आला, "मग पेशंट उठून बसला तर?" उत्तर मी दिलं नाही, नळीचं टोक वर धरून बघायला सांगितलं. थेंब मंदावले. मग मायक्रो सेट दिला, १ मिलीला ६० थेंबांचा. दोन-तीन गणितं झाल्यावर त्यांच्याच लक्षात आलं, की तासाला जेवढे मिली तेवढेच मिनिटाला थेंब. सूत्र बाजूलाच राहिलं.

पाठांतर नकोच, असं मी म्हणणार नाही. औषधांची नावं, डोस, नाडी-श्वासाचे आकडे तोंडपाठच हवेत. तिथे खेळ कामाचा नाही.

२०२१ मध्ये बीएस्सी नर्सिंगचा अभ्यासक्रम सेमिस्टरचा झाला, त्यात स्किल लॅबचे तास वेगळे दिलेत. कागदावर छान आहे. मी पाहिलेल्या एका कॉलेजात मात्र मॅनिकिन (सरावाचा पुतळा) प्लास्टिकच्या पिशवीसकट कपाटात, आणि चावी ज्यांच्याकडे ते रजेवर!

आणखी एक. पेशंटसमोर मुलीला झापू नये. चुकत असेल तर तिथेच हात थांबवावा, बोलायचं ते नंतर ड्युटीरूममध्ये. चारचौघांत ओरडा खाल्लेली मुलगी पुढचे कित्येक दिवस ट्रे धरून मागेच उभी राहते, आणि मग आपणच शेरा मारतो, "इंटरेस्ट नाही."

आता परीक्षेत व्याख्या विचारतात, तर ती लिहून द्यावी लागतेच. शेवटची दहा मिनिटं त्यासाठी पुरतात.