रोहितांच्या गर्दीत हळदी-कुंकू

उजनी धरणाच्या काठावरच्या भिगवणला लोक रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला जातात. आमच्या नावेतही पुण्याहून पहाटे निघालेली तीच मंडळी, हातभर लांब लेन्स आणि एकच धोशा: "दादा, अजून जवळ घ्या, उडाले पाहिजेत!" नावाड्यानं इंजिनाचा जोर वाढवला, थवा उठला, कॅमेरे कडकडले. माझं डोकंच फिरलं. चरणाऱ्या पाखरांना फोटोसाठी कशाला उठवायचं? तसं बोललो, तर उत्तर मिळालं, "काका, तुम्ही फारच हळवे बुवा!"

मग मी काठाकडे तोंड करून बसलो, ते बरंच झालं. उथळ पाण्यात हळदी-कुंकू बदकांची जोडी शेपट्या वर करून चिखल ढवळत होती. लांबून हा पक्षी अगदी मातकट. नाव सरकली तसा उलगडत गेला: काळी चोच, तिच्या टोकाला पिवळाधमक ठिपका आणि कपाळाशी, चोचीच्या मुळाशी, दोन्ही बाजूंना लाल टिकल्या. डोळ्यातून गेलेली काळी रेघ, शेंदरी पाय. पिसांना फिकट किनार, त्यामुळे अंग माशाच्या खवल्यांसारखं दिसतं. नर-मादी जवळपास सारखीच. नराच्या टिकल्या जरा ठसठशीत. इंजिनाच्या आवाजानं तीही उडाली, तेव्हा पंखातला पांढऱ्या काठाचा हिरवा पट्टा चमकून गेला.

चक्रवाक, पट्टकदंब ही पाणपाखरं हिमालयापलीकडून येतात, म्हणून त्यांचं कौतुक. हळदी-कुंकू बाराही महिने इथलाच. पाकिस्तानपासून भारत, श्रीलंका, म्यानमारपर्यंत राहतो. पाणी आटलं की फार तर तळं बदलतो. म्यानमारकडच्या उपजातीत टिकल्या बारीक होतात किंवा नसतातच. चीन-जपानमधला त्याचा भाऊबंद पूर्वी याच जातीत मोजत. त्याला टिकली नाही, गालावर काळपट रेघ आहे. १९८० मध्ये उजनी धरण झालं आणि भीमेच्या फुगवट्यानं या सगळ्यांची सोय केली.

दुपारी चिलापी फ्राय झकास, हॉटेलात गर्दी मात्र नकोशी.

थवा उडवायचा नाही, हे नाव ठरवतानाच सांगावं म्हणतात. सांगून बघेन. पण नावेचं भाडं सगळ्यांनी वाटून घेतलेलं असतं, आणि बाकीच्यांना उडतेच रोहित हवे असतात. एकट्यानं अख्खी नाव करणं माझ्या खिशाला झेपत नाही.