आमची वाटचाल: आंबट कॉफीची गोष्ट

पुण्यात कॉफीचा धंदा काढतोय म्हटल्यावर आईनं विचारलं, "जायफळ कुठलं घालणार?" आमच्याकडे कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, वर जायफळ किसलेली, तीही डोकं दुखलं तर. एरवी चहाच. त्यामुळे मी आणि मेहुण्यानं कर्वेनगरात मामांच्या रिकाम्या गॅरेजमध्ये कॉफी भाजायचं एक किलोचं रोस्टर बसवलं, तेव्हा घरात कुणी पेढे वाटले नाहीत.

बी चिकमगळूरहून येतं. पहिल्यांदा मळ्यात गेलो तेव्हा कॉफी शोधावी लागली. वर सिल्व्हर ओक, त्यावर चढलेले मिऱ्याचे वेल, आणि खाली सावलीत ही झुडपं. तिथूनच सिलेक्शन 795 चं पहिलं पोतं आणलं. अरेबिका जातीच्या कॉफीचा हा वाण बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राचा.

भाजायला आम्ही कानानं शिकलो. हिरवट बी पिवळं पडतं, आधी वाळल्या गवताचा, मग भट्टीतल्या पावाचा वास येतो, आणि लाह्या फुटाव्यात तशी तडतड सुरू होते. खरा खेळ तिथून पुढच्या दीड-दोन मिनिटांचा. किलोभर बी टाकलं की हाती साडेआठशे ग्रॅमच्या आसपास उरतं, कारण पाणी उडून जातं. भाव ठरवताना नेमकं हेच विसरलो. पहिले तीन महिने पदरमोड करून पुणेकरांना कॉफी पाजली म्हणा ना.

पाकिटांनीही हिसका दाखवला. ताजी भाजलेली कॉफी कित्येक दिवस कार्बन डायऑक्साइड सोडते, हे वाचलं होतं, मनावर घेतलं नव्हतं. त्याच संध्याकाळी साध्या पाकिटांत भरून घट्ट सील केली. सकाळी शटर उघडलं तर फळीवर टम्म फुगलेल्या पुऱ्यांची रांग, त्यातल्या दोन फुटलेल्या. आता पाकिटाला हवा नुसती बाहेर सोडणारी झडप असते, आणि भाजल्यावर आठवडाभर थांबून प्यायचा सल्लाही.

आणि मग आले सदाशिव पेठेतले काका. अर्धं पाकीट परत घेऊन. "आंबलीय तुमची कॉफी. दूध नासलं!" हलकी भाजलेली कॉफी आंबूस असतेच, जरा जुनं दूध फाटूही शकतं, पण हे ऐकून घ्यायला ते आले नव्हते. मी 15 ग्रॅम कॉफी दळली, 250 मिली पाण्यात बिनदुधाची गाळून पुढे ठेवली. दोन घोट झाले. "हं. आवळ्यासारखी आहे. मागून गोड लागते." एवढं नेमकं वर्णन आमच्या पाकिटावरही नव्हतं. तेव्हापासून आहे.

मार्च 2020 मध्ये आमच्याकडून कॉफी घेणारे चारही कॅफे बंद झाले. घरी कॉफी करणाऱ्यांचे फोन मात्र वाढले. "मिक्सरवर दळली तर चालेल?" चालेल, पण अर्धं पीठ आणि अर्धी भरड होते, पिठाचा कडवटपणा उतरतो, भरडीचा आंबटपणा. मशीन नंतर घ्या, आधी हातानं फिरवायचा ग्राइंडर घ्या, हे मी तेव्हापासून सांगतोय. दुसरी गोष्ट पाण्याची. खडकवासल्याचं नळाचं पाणी कॉफीला छान. टँकरच्या जड पाण्यात चव दबते, आणि आरओनं पार निथळून काढलेल्या पाण्यात ती सपक होते.

दुधाची, साखरेची कॉफी आम्ही कमी लेखत नाही. वैशाली हॉटेलातली फिल्टर कॉफी मी आजही पितो. नव्या कॅफेत गेलो तर मात्र आधी काळी मागवतो. दुधाआड फार गोष्टी लपतात.

काका आता प्रवासातही एअरोप्रेस, म्हणजे मुरलेली कॉफी दट्ट्यानं दाबून गाळायची नळी, आणि छोटा ग्राइंडर नेतात. गेल्या महिन्यात मुंबईच्या गाडीतून त्यांचा फोन. "थर्मासातलं पाणी कोमट झालंय रे, आंबट लागतेय."

"बारीक दळा, आणि जास्त वेळ मुरू द्या."

"किती?"

"आत्ता कुठे आहात?"

"शिवाजीनगर सुटतंय."

"मग खडकी आलं की दाबा."