थांब्यावरची छत्री

आज सकाळी वही सापडेना म्हणून मी लेकाला नको तितके कठोर बोलले, आणि तो डबा न घेताच शाळेला गेला. संध्याकाळी कॅम्पातून हडपसरकडे येणाऱ्या बसमध्ये मी क्षमा मागण्याची वाक्ये मनात जुळवत होते. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतला, वाट्याची संपत्ती उधळून बापाकडे परतणारा धाकटा मुलगाही असेच करतो: मला मोलकऱ्यासारखे ठेवा, असे म्हणायचे तो आधीच ठरवतो, परंतु तो बोलताना त्या वाक्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच पिता झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. हा दाखला वाचताना आईबापांनी स्वतःला पित्याच्या जागी पाहायचे, असेच मी आजवर गृहीत धरले होते.

थांब्यावर उतरले, तर भर पावसात लेक छत्री घेऊन उभा. "बाळा, सकाळी मी..." एवढेच म्हणाले, तोच माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेत तो म्हणाला, "आई, आजीने थालीपीठ लावलंय, चल लवकर."

उरलेली वाक्ये तशीच राहिली. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत उपकारस्तुती करताना माझा कंठ दाटून आला; सासूबाईंनी काहीही न विचारता पुढचे गीत सुरू केले, आणि लेकाने माझ्यासमोर गीताचे पान उघडून धरले.