टगवरची पहिली लांब ओढ: बंदराच्या तोंडाशी सावध राहा

मी मोठ्या जहाजावर मेट, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी, होतो. नोकरी लावून देणाऱ्या एजंटने सांगितलं होतं, "मोठ्या जहाजावर मेट होतास ना, मग टग तुझ्या डाव्या हातचा मळ." टग म्हणजे दुसऱ्या जहाजांना ओढणारी छोटी, ताकदवान बोट. तिने रिकामी बार्ज (बिनइंजिनाचं सपाट मालवाहू जहाज) ओढायची, किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, रात्री भरपूर झोप, आणि पुढच्या परीक्षेसाठी पूर्ण सी-टाइम (समुद्रावरच्या नोकरीचा मोजला जाणारा काळ). यातलं बार्ज रिकामी असणं तेवढं खरं निघालं.

व्यापारी जहाज सोडून टगकडे वळायचं आणि तिथे कॅप्टन व्हायचं ठरवलेल्यांसाठी हे लिहितोय. बेसिक सेफ्टीचे कोर्स, मेडिकल, रंगदृष्टीची चाचणी आणि वॉचकीपिंगचं (जहाजावरच्या पहाऱ्याच्या पाळीचं) सर्टिफिकेट तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. हलत्या बार्जच्या ओल्या शिडीवर चढताना दम लागत असेल, तर आधी तो कमवा.

पहिली गोष्ट पैशांची, कारण तो राग अजून गेलेला नाही. नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायचे नाहीत, असं 2006 चं मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन (खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) स्पष्ट सांगतं. मेडिकल, सीमन बुक (खलाशाची नोंदवही) आणि पासपोर्ट यांचा खर्च तुमचा, व्हिसाचा जहाजमालकाचा. माझ्याकडून 'प्रोसेसिंग'च्या नावाखाली रक्कम उकळली, पावती दिली नाही, आणि करार हातात आला तो टगवर चढायच्या दिवशी. पावती नाही म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. करार आधी मागा आणि घरी बसून वाचा.

निघण्यापूर्वी बार्जची तपासणी झाली. मॅनहोलची झाकणं, दिवे, पुढची साखळीची ब्रायडल (बार्जच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना जोडलेली जोडसाखळी), आणि ओढायची मुख्य वायर तुटलीच तर उचलता यावी म्हणून मागे तरंगत सोडलेला आणीबाणीचा दोर. हा दोर नीट बांधला आहे का, ते स्वतः बार्जवर जाऊन बघा. बार्ज मागच्या बाजूला थोडी खाली बसलेली असावी. नाकावर बसलेली बार्ज सरळ मागे येत नाही, डावी-उजवी भरकटत राहते.

मधले दिवस छान गेले. समुद्र शांत होता, डॉल्फिनही दिसले. ओढ 200 मीटरपेक्षा लांब असल्याने रात्री डोलकाठीवर तीन पांढरे दिवे, मागच्या टोकाच्या स्टर्नलाइटच्या वर पिवळा, दिवसा डायमंड, म्हणजे हिऱ्याच्या आकाराची खूण. एवढं करूनही एक मासेमारी बोट टग आणि बार्जच्या मधून जायला निघाली होती. सर्चलाइट वायरच्या रेषेत मारला तेव्हा ती वळली.

झोपेचं मात्र गणित बसत नाही. आमचा वॉच सहा तास काम, सहा तास सुट्टी असा. नियमाने 24 तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात 77 तास विश्रांती हवी, आणि रोजच्या विश्रांतीतला एक तुकडा सलग सहा तासांचा हवा. हँडओव्हरला वेळ लागला की तो सहा तासांचा तुकडा तिथेच मोडतो. जेवण-आंघोळ उरकून डोळा लागतो तोवर उठायची वेळ. अशा डोक्याने आम्ही बंदराच्या तोंडाशी पोहोचलो.

खोल पाण्यात काही शे मीटर वायर सोडलेली असते आणि मधोमध तिला मोठा झोळ असतो. टग लाटेवर उसळला की झोळ थोडा वर येतो आणि हिसका तिथेच जिरतो. पाणी उथळ झालं की झोळ तळाला घासायला लागतो, म्हणून वायर आखूड करावी लागते. आखूड केली की हिसका थेट वायर गुंडाळणाऱ्या विंचवर आणि टगवर. नेमकं तिथेच चॅनेल अरुंद होतं, आणि बाहेर पडणाऱ्या ओहोटीवर आत येणारी लाट आदळून उभी राहते.

आम्हाला ओहोटीतच आत बोलावलं. वायर गोळा करायला वेग कमी केला, पण बार्ज स्वतःच्या वजनाने पुढे येत राहिली, मग आडव्या प्रवाहात उजवीकडे सरकली आणि वायर टगच्या कुशीकडे वळू लागली. टगच्या लोकांना सगळ्यात जास्त धास्ती असते ती याचीच: गर्टिंग. ओढ बाजूने आली की टग आडवा खेचला जातो आणि काही सेकंदांत उलटू शकतो. मागच्या डेकवर रेलिंगखालून हिरवं पाणी शिरलं ते विंचच्या पायापर्यंत आलं. बोसनने (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने) गॉब वायर, म्हणजे ओढीची वायर टगच्या मागच्या टोकाशी धरून ठेवणारी आखूड वायर, आधीच घट्ट करून ठेवली होती, म्हणून ओढ शेवटपर्यंत मागच्या टोकाशीच राहिली. कॅप्टनने इंजिनं खाली घेतली, विंचचा ब्रेक ढिला करून वायर सुटू दिली आणि टगचं नाक परत ओढीच्या रेषेत आणलं. त्याचा दुसरा हात पूर्ण वेळ इमर्जन्सी रिलीजवर (वायर तत्काळ सोडून देणाऱ्या कळीवर) होता.

भरती सुरू होण्याआधीच्या स्थिर पाण्यात, आणि उजेडात आत जा. ओहोटीत घाई करणाऱ्याला रेडिओवर स्पष्ट नाही म्हणा. बाहेर थांबण्याचा खर्च कंपनीने सोसायचा असतो. वायर आखूड करण्याआधी डेकवरची सगळी वॉटरटाइट दारं बंद, इंजिनरूमचंसुद्धा, गरम होतं म्हणून कुणी कितीही कुरकुर केली तरी. मागच्या डेकवर कुणीही उभं राहायचं नाही. आणि रुजू झाल्याच्या दिवशीच रिलीज चालवून दाखवायला सांगा, ब्रिजवरून (टग जिथून चालवतात तिथून) आणि विंचपाशीही. टाळाटाळ झाली तर त्या टगवर राहू नका.

बार्ज धक्क्याला लागली तेव्हा मला हसू आवरत नव्हतं. खांदे अजून भरलेले आहेत, तरी सांगतो: मोठ्या जहाजावरच्या कुठल्याही वॉचने मला इतकं शिकवलं नाही. टगचा कॅप्टन व्हायचं असेल तर किमान एक लांब ओढ मेट म्हणून करा, आणि वायर लांब-आखूड करताना ब्रिजवर उभे राहा. हात बसायला दोन्ही प्रॉपेलर 360 अंशांत फिरणारा अझिमथ टग उत्तम, पण असे टग बहुतेक बंदरातच असतात.

तिथे सी-टाइमचा घोळ आहे. केवळ आश्रित पाण्यात किंवा बंदराच्या हद्दीत चालणारे टग एसटीसीडब्ल्यू (खलाशांच्या प्रशिक्षण-सर्टिफिकेटांचा आंतरराष्ट्रीय करार) आणि लेबर कन्व्हेन्शन या दोन्हींच्या कक्षेबाहेर राहू शकतात. म्हणजे तिथली नोकरी वरच्या सर्टिफिकेटसाठी धरली जाईलच असं नाही, आणि विश्रांतीचे वरचे नियमही लागू असतील असं नाही. शिवाय बरेच टग 500 ग्रॉस टनांच्या (जहाजाच्या एकूण आकारमानाचं माप) आतले असतात, आणि त्यांच्यासाठी किनाऱ्यालगतच्या प्रवासाचं सर्टिफिकेट वेगळं असतं. एजंटचं ऐकू नका. सर्टिफिकेट देणाऱ्या कार्यालयाकडून टगचं नाव, टनेज आणि प्रवासाचा भाग कळवून लेखी उत्तर घ्या. उतरताना सी-सर्व्हिसच्या पत्रावर ग्रॉस टनेज, इंजिनाची किलोवॅट शक्ती आणि तुमचा हुद्दा लिहिला आहे ना ते पाहून कॅप्टनची सही टगवरच घ्या. माझ्या पत्रावर टनेजची जागा कोरी होती, आणि ती भरून मिळेपर्यंत मी धक्क्यावरून हललो नाही.