लॉन्झोपाशी पुन्हा गाडी अडली

रविवारी पहाटे पाचला उठलो. एनबीएची (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) मॅच सुरू व्हायच्या आत, कॉलेजच्या आकड्यांवरून खेळाडू पुढे एनबीएत थ्री (लांबून मारायचा तीन गुणांचा शॉट) कसा मारेल याचा अंदाज करणारी माझी शीट एकदा चालवून बघू म्हटलं, आणि पहिला क्वार्टर संपला तरी मी शीटवरच होतो. गार्ड लॉन्झो बॉलबद्दलचा अंदाज पुन्हा चुकलाय, आणि या वेळी उलट्या दिशेने.

आधी जे जमलं ते सांगतो. मागच्या अपडेटनंतर लक्षात आलं की मी कॉलेजचे सगळे हंगाम एकाच ढिगात टाकले होते. 2018-19 पर्यंत कॉलेजची थ्रीची रेषा 20 फूट 9 इंचांवर होती, 2019-20 पासून ती 22 फूट पावणेदोन इंचांवर गेली. एनबीएची 23 फूट 9 इंच, कोपऱ्यात 22. म्हणजे डी'आरन फॉक्सचे केंटकी विद्यापीठातले थ्रीचे 24.6 टक्के आणि स्टेफॉन कॅसलचे यूकॉनमधले (कनेक्टिकट विद्यापीठ) 26.7 टक्के ही एकाच अंतरावरची नेमबाजी नाहीच. कॅसल जवळजवळ दीड फूट मागून मारत होता. दोन्ही काळ वेगळे केले आणि गेले तीन आठवडे छळणारे निम्मे विचित्र आकडे एका संध्याकाळीच सरळ झाले. फार बरं वाटलं.

आता मूळ दुखणं. 2017 च्या ड्राफ्टमधले (एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात ती निवड) आपले नेहमीचे तिघे. मार्केल फुल्ट्झ वॉशिंग्टन विद्यापीठाकडून 121 थ्रींपैकी 50, म्हणजे 41.3 टक्के. लॉन्झो यूसीएलएकडून 194 पैकी 80, म्हणजे 41.2. फॉक्स 69 पैकी 17. इतक्या कमी शॉट्सवर फॉक्सचा आकडा नुसत्या योगायोगाने पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, लॉन्झोचा साडेतीन. म्हणून नेहमीचा प्रायर लावला, म्हणजे प्रत्येकाच्या शॉट्समध्ये 34 टक्क्यांनी मारलेले 200 काल्पनिक शॉट्स मिसळले. फुल्ट्झ 36.8 वर आला, लॉन्झो 37.6 वर, फॉक्स 31.6 वर.

मग फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट). इथे कॉलेजच्या थ्रीचा मूळ क्रम पूर्ण उलटतो: फॉक्स 73.6, लॉन्झो 67.3, फुल्ट्झ 64.9. हा कॉलम घातला की फॉक्स आणि लॉन्झो जवळजवळ शेजारी येऊन बसतात. आणि एनबीएतल्या रुकी, म्हणजे पहिल्या, हंगामात थ्रीचं खरंच काय झालं? फॉक्स 30.7, लॉन्झो 30.5. कॉलेजात साडेसोळा टक्क्यांचा फरक असलेले दोन गार्ड वर्षभरात एकाच पायरीवर! मागच्या अपडेटमध्ये मी ज्यावर एवढा खूश होतो ते हेच.

या वेळी मात्र रुकी हंगामाऐवजी चौथ्या हंगामाशी ताडून पाहिलं, कारण आपल्याला खेळाडूचा पुढचा पल्ला मोजायचाय, पहिलं वर्ष नव्हे. चौथ्या हंगामात लॉन्झो 37.8, फॉक्स 32.2. आता वरचे प्रायरनंतरचे आकडे पुन्हा बघा: 37.6 आणि 31.6. फ्री थ्रो न घालता आलेला अंदाज चौथ्या वर्षी जवळपास बरोबर ठरला, आणि ज्या कॉलमने पहिलं वर्ष जुळवलं त्यानेच चौथं बिघडवलं. दोन खेळाडूंवरून नियम काढणार नाही. फॉक्सच दुसऱ्या वर्षी 37.1 वर चढला आणि तिसऱ्या वर्षी 29.2 वर घसरला. पण ही गोष्ट डोक्यातून जात नाही.

लॉन्झोचे एनबीएतले फ्री थ्रो ओळीने लावले: 45.1, 41.7, 56.6, 78.1. हा एकाच हाताचा आलेख नाही. पहिल्या संघाकडे, लेकर्सकडे, असताना तो चेंडू चेहऱ्याच्या डावीकडून आणून सोडायचा. न्यू ऑर्लिन्सला गेल्यावर शूटिंग कोच फ्रेड विन्सनबरोबर काम करून त्याने रिलीज उजवीकडे आणला. तिथे थ्री 37.5, मग 37.8, आणि शिकागोत दुखापतीआधीच्या 35 सामन्यांत 42.3. पुढे गुडघ्याने दोन अख्खे हंगाम खाल्ले, याचं आजही वाईट वाटतं. माझी शीट जुन्या हातावरून नव्या हाताचं भाकीत करत होती. ते जमणार कसं?

हे लिहिता लिहिताच एक सुचलं. टक्केवारी बाजूला ठेवून कॉलेजात सामन्यामागे थ्रीचे किती प्रयत्न केले ते पाहिलं: लॉन्झो 5.4, फुल्ट्झ 4.8, फॉक्स 1.9. शॉट वाकडा असूनही लॉन्झो बिनधास्त मारत होता, संघही त्याला मारू देत होता. मोडून पुन्हा बांधायला आधी सवय तरी हवी. तेव्हा पुढच्या आवृत्तीत दोन वेगळे अंदाज ठेवतोय: आज किती चांगला मारतो, आणि हात बदलला तर किती वर जाईल. दुसऱ्यासाठी प्रयत्नांची संख्या धरणार. फुल्ट्झ मला इथे सावध करतो. त्याचे प्रयत्नही भरपूर होते, पण खांद्याचं दुखणं निघालं आणि थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमचं (मानेखांद्याजवळ नसा दबण्याचा विकार) निदान व्हायला डिसेंबर 2018 उजाडला.

दुसरा अंदाज व्हिडिओशिवाय होणार नाही. हायलाइट्स या कामाला निरुपयोगी आहेत, त्यात फक्त पडलेले शॉट दिसतात. मला चुकलेले हवेत. चेंडू आखूड-लांब जातो की डावा-उजवा, हे त्यातूनच कळतं, आणि डावा-उजवा जाणारा हात मला जास्त घाबरवतो. पैसे भरून घेतलेली एक सेवा फ्रेम पुढे सरकवायला गेलं की अडकते, तेव्हा पूर्ण मॅच उतरवून व्हीएलसी प्लेयरमध्ये 'ई' दाबत एकेक फ्रेम बघत बसणं हेच खात्रीचं.

जी लीग (एनबीएची दुय्यम लीग) इग्नाइट संघातून आलेल्या स्कूट हेंडरसन, डायसन डॅनियल्स यांच्या ओळी तूर्त बाजूला काढल्यात. तिथे सामन्याचा बहुतेक वेळ दोन-तीन फ्री थ्रोंऐवजी एकच मारतात आणि त्यालाच सगळे गुण, त्यामुळे नमुना फारच तोकडा पडतो. त्यांना वेगळा प्रायर लागेल.

कॅसलबद्दल विचारलं होतं तुमच्यापैकी काहींनी. 75 पैकी 20, प्रायरनंतर 32 टक्के. कॉलेजात फ्री थ्रो 75.5, स्पर्सकडे रुकी हंगामात 72.4, थ्री 28.5. फ्री थ्रोचे आकडे मोडलेल्या हाताचे नाहीत. उंची, बचाव आणि रिंगपर्यंत घुसण्याची ताकद यावर तो माझ्या यादीत वरच आहे, थ्री 33-34 वर स्थिरावली तरी मला पुरे. पण कॉलेजातले प्रयत्न सामन्यामागे फक्त 2.2, म्हणजे नव्या कॉलममध्ये तो फॉक्सच्या बाजूला पडतोय. हे मनाला पटत नाहीये, म्हणून या आठवड्यात त्याचे चुकलेले 40 थ्री फ्रेमनिशी मोजायला घेतलेत. काल रात्रीपर्यंत अकरा झाले, त्यातले आठ आखूड.