रबरी कोंबडी आणि बॅरी बॉन्ड्स

गॅरेज आवरताना परवा खोक्याच्या तळाशी पिवळी रबरी कोंबडी सापडली. बायको म्हणाली, "अहो, हे ध्यान अजून ठेवलंय? टाका ना आता." म्हटलं, कोंबडीला हात लावायचा नाही.

२००४ साली मी सॅन मटेओहून कॅलट्रेन पकडून सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्स या बेसबॉल टीमची मॅच बघायला गेलो होतो. बेसबॉलचं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण ऑफिसात सगळे म्हणायचे, त्यांचा मोठा बॅटर बॅरी बॉन्ड्स खेळतोय तोवर एकदा बघून घे. सीट अगदी वरच्या मजल्यावर, खाडीवरून बोचरा वारा, हातात लसूण घातलेले फ्राइज. बॉन्ड्स बॅट घेऊन आला आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. तेवढ्यात समोरच्या टीमचा कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर, तोही उभा राहिला आणि त्यानं हात बाजूला लांब केला. चार चेंडू, चारही मुद्दाम हाताबाहेर. म्हणजे बाबा रे, तू खेळूच नकोस, पहिला बेस (रनच्या वाटेवरचा पहिला टप्पा) फुकट घे. (आता तेवढंही करावं लागत नाही. २०१७ पासून मॅनेजरनं नुसती खूण केली की झालं.) लोकांनी हुर्यो उडवली आणि जिकडेतिकडे रबरी कोंबड्या नाचायला लागल्या. आपण भित्र्याला भागूबाई म्हणतो, इथे कोंबडी म्हणतात. त्या दिवशी त्याला तीनदा असंच चालवलं. एका माणसाला नव्वद फूट चालताना बघायला मी तिकिटाचे पैसे मोजले होते! येताना चिडून मीही एक कोंबडी घेतली.

त्या एका मोसमात त्याला १२० वेळा असं मुद्दाम सोडलं. त्याच्याआधी कुणाचाही सगळ्यात मोठा आकडा होता ४५, विली मकोव्हीचा, १९६९ मधला. आपल्या क्रिकेटमध्ये याला तोड नाही. सचिन आला म्हणून कुणी वाइड टाकत बसलं नाही.

तर ही कोंबडी घेऊन मी शनिवारी केस कापायला गेलो. मी जातो त्या दुकानात केस कमी आणि वाद जास्त. न्हावी कट्टर बॉन्ड्सवाला. खिडकीपाशी एक आजोबा असतात, ते लहानपणी कँडलस्टिक पार्कला, जायंट्सच्या जुन्या स्टेडियमवर, त्यांच्या विली मेजला बघत मोठे झालेले. मेज म्हणजे बॉन्ड्सचा गॉडफादर, पण आजोबांच्या लेखी देवबाप्पाच. आणि एक तरुण पोरगा, डॉजर्सवाला, म्हणजे जायंट्सच्या कट्टर वैऱ्यांचा चाहता. जायंट्सच्या गावात डॉजर्सवाला म्हणजे जळात राहून माशाशी वैर, पण येतो बिचारा.

कोंबडी बघितल्याबरोबर पेटलंच. न्हावी म्हणे, ७६२ होमरन (आपल्या सिक्सरसारखे), सात वेळा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू), अजून काय पाहिजे? पोरगा म्हणे, स्टेरॉइडचे ७६२. ग्रँड ज्युरीपुढे काय सांगितलं, तर मला वाटलं जवसाचं तेल आहे! (जवसाची चटणी खाऊन माझ्या आजीनं एकही होमरन मारला नाही, हे मी मनात म्हटलं.) न्हावी म्हणे, २०११ मध्ये दोषी ठरवलं ते २०१५ मध्ये वरच्या कोर्टानं रद्द केलं. पोरगा म्हणे, हॉल ऑफ फेमला, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत जायला, ७५ टक्के मतं लागतात, २०२२ मध्ये दहाव्या आणि शेवटच्या खेपेलाही ६६च मिळाली. आजोबा फक्त म्हणाले, तुम्ही मेजला पळताना बघितलेलं नाही.

मग मी माझं घोडं दामटलं. म्हटलं, २८ मे १९९८ घ्या. अ‍ॅरिझोना विरुद्ध जायंट्स, शेवटची इनिंग, अ‍ॅरिझोना ८-६ नं पुढे, दोन आउट, तिन्ही बेस भरलेले. बॉन्ड्स आला. आणि अ‍ॅरिझोनाच्या मॅनेजरनं, बक शोवॉल्टरनं, त्याला मुद्दाम चालवला! सगळे एकेक बेस पुढे सरकले, एक रन फुकट दिला, ८-७ झालं, पुढचा बॅटर आउट करून मॅच जिंकली. आणि आरोप करणारेसुद्धा म्हणतात की औषधं १९९८ चा मोसम संपल्यावर सुरू झाली. म्हणजे लोक घाबरत होते ते मूळच्या बॉन्ड्सला. त्या मोसमाअखेर त्याचे ४११ होमरन होते, ४४५ स्टील (पळून चोरलेले बेस) होते, तीन एमव्हीपी घरात होते.

दुकानात क्षणभर शांतता. मला वाटलं, मारली बाजी.

पोरगा शांतपणे म्हणाला, "मग गरज काय होती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. २००१ चे ७३ होमरन मला आवडतात आणि खुपतातही, एवढंच सांगता येतं. न्हाव्यानं माझी मान खाली दाबली आणि मशीन सुरू केलं.

कोंबडी मी तिथेच ठेवून आलो, न्हाव्यानं ती आरशाशेजारी टांगली. ७५६ व्या होमरनचा चेंडू, ज्यानं हँक एरनचा सगळ्यात जास्त होमरनचा विक्रम मोडला, तो कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेम संग्रहालयात आहे. लिलावात घेणाऱ्यानं लोकांचा कौल घेऊन त्यावर चांदणी (*) कोरून घेतली, 'अटी लागू' म्हणून टाकतात तशी. गेल्या आठवड्यात दुकानात गेलो, तर कोंबडीच्या गळ्यात कागदाची चांदणी. डॉजर्सवाल्याचंच काम. न्हावी म्हणाला, दोनदा काढली, तो पुन्हा लावतो.

आजोबा खिडकीपाशीच बसले होते. म्हणाले, "राहू दे. शोभते."