तुम्ही विचारलंत म्हणून: आमचं घर नेमकं कितव्या मजल्यावर आहे?

व्हिडिओ कॉलवर मी किचनच्या खिडकीतून खालचं खोरं दाखवते, छपरं, कॅनॉल, पलीकडचं जंगल, आणि खामगावहून मावशी दर वेळी तेच विचारते, "अगं किती वर आहे गं हे, लिफ्ट तरी आहे का?" मग मी फोन घेऊन घरातूनच पलीकडच्या बाजूला जाते, दार उघडते, तर समोर थेट रस्ता, पायरीला लागून. कुणाची गाडी उभी, पोस्टमन चाललाय. म्हणजे तळमजला. मावशी गप्प होते आणि पुढच्या कॉलला पुन्हा विचारते. मैत्रिणी विचारतात, ऑफिसातले विचारतात, आता तुमच्यापैकीही तिघाचौघांनी विचारलं, म्हणून एकदा नीट सांगते, कारण ह्या एका प्रश्नाच्या उत्तरात आमचं अख्खं गाव येतं.

गावाचं नाव हेब्डन ब्रिज. इंग्लंडमधल्या वेस्ट यॉर्कशरमध्ये, पेनाइन डोंगरातल्या एका अरुंद खोऱ्यात, मँचेस्टर आणि लीड्सच्या मधे, वस्ती साडेचार हजारांच्या आसपास. आमची रांग उतारावर आहे. खालच्या रस्त्यावरून बघाल तर चार मजली उंच काळसर दगडी भिंत दिसते, वरच्या रस्त्यावरून बघाल तर साधं दोन मजली घर. पण ते एक घर नाहीच, एकावर एक ठेवलेली दोन घरं आहेत. खालच्या दोन मजल्यांचं घर वेगळ्या मालकाचं, त्याचं दार खालच्या रस्त्यावर आणि त्याची मागची भिंत डोंगरात गाडलेली, त्या बाजूला खिडकीच नाही. वरचे दोन मजले आमचे, दार वरच्या रस्त्यावर. मधे जिना नाही. आमची जमीन म्हणजे खालच्या बाईंचं छत.

बाबा शेतकरी माणूस. त्यांनी हे सगळं शांतपणे ऐकून एकच विचारलं, "पण सातबारा कुणाच्या नावावर?" खरंच मुद्द्याचं विचारलं त्यांनी, कारण ह्या प्रकाराला इथे फ्लाइंग फ्रीहोल्ड म्हणतात, म्हणजे हवेतली मालकी, घर पूर्ण तुमचं पण खालची जमीन दुसऱ्याची, आणि बऱ्याच बँका असल्या घराला कर्ज द्यायला कां-कूं करतात. आमच्या कर्जाच्या वेळी दोन ठिकाणी नकार पचवला तेव्हा कुठे तिसरीकडे जमलं.

आता अशी घरं बांधली कुणी आणि का, तर सपाट जागाच नव्हती. मुळात ह्या खोऱ्यात तळाशी फार कुणी राहतच नसे, खाली दलदल आणि झाडी, माणसं वर राहायची, डोंगराच्या खांद्यावर. जुनं गाव म्हणजे वरचं हेप्टनस्टॉल. तिथे घराघरात हातमाग होते, लोकरीचं कापड विणायचे, आणि त्या घरांना वरच्या मजल्यावर ओळीने लांबलचक खिडक्या आहेत, मागावर उजेड पडावा म्हणून. अजून तशाच आहेत, जाऊन बघा. कापडाचे गठ्ठे घोड्यांच्या पाठीवर लादून डोंगर ओलांडून जायचे, आणि खाली नदी जिथे ओलांडायची तिथे १५१० च्या सुमाराला दगडी पूल झाला. तोच हा ब्रिज, अजून उभा आहे, मी रोज त्यावरून स्टेशनला जाते. त्या पुलापासून हेप्टनस्टॉलला चढणारी फरसबंद वाट आहे, बट्रेस म्हणतात तिला, पावसात तिच्यावर पाय ठरत नाही, आणि इथे पाऊस नसतो कधी?

मग यंत्रं आली आणि सगळं उलटं झालं. पाण्यावर चालणाऱ्या गिरण्यांना ओढे हवेत, म्हणून गिरण्या दऱ्यांत उतरल्या, मागे माणसं उतरली. १८०४ मध्ये रॉचडेल कॅनॉल मँचेस्टरपर्यंत पूर्ण झाला, १८४० मध्ये रेल्वे आली, वाफेच्या इंजिनाला कोळसा दारात मिळायला लागला. खोऱ्याच्या तळाला जी काय मूठभर सपाट जागा होती ती नदी, कॅनॉल, रूळ, रस्ता आणि गिरण्यांनी खाल्ली, मग कामगारांना राहायला उरला तो उतार. उतारावर एका घराच्या जागेत दोन बसवली. एवढंच आहे ते, कुणा आर्किटेक्टची कल्पना वगैरे नाही, अडचण होती आणि गवंडी हुशार होते.

गिरण्यांत बनायचं फस्टियन, म्हणजे जाड सुती कापड, कॉर्डरॉय आणि मोलस्किन त्याच घराण्यातली. ते करायची रीत मला खालच्या बाईंनी समजावली, त्यांची आई पँट शिवायच्या कारखान्यात होती. विणताना बाण्याचे, म्हणजे आडव्या धाग्यांचे, बारीक लूप कापडाच्या अंगावर सोडायचे, मग कापड लांब टेबलावर ताणून बसवायचं आणि एका लांब, सुईसारख्या पातळ सुरीने ते लूप ओळीने चिरत जायचे, टेबलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा मागे, दिवसभर. चिरलं की धागे उभे राहतात आणि मखमलीसारखा हात लागतो. हात जरा चुकला की कापडच फाटायचं. सेंट जॉर्जेस स्क्वेअरमध्ये त्या सुरीचं मोठं शिल्प आहे, सूर्यघड्याळ म्हणून उभं केलेलं, टुरिस्ट त्याच्याखाली बसून आइस्क्रीम खातात. गावाला ट्राउझर टाउन म्हणायचे ते ह्यामुळे, कामगारांच्या दणकट पँटी इथून जायच्या.

१८७० मध्ये इथल्या फस्टियन कामगारांनी स्वतःची सोसायटी काढली, १८७३ मध्ये नटक्लफ मिल विकत घेतली आणि १९१८ पर्यंत चालवली. सहकार म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला समजवावं लागत नाही, पण ते साल बघा. त्या इमारतीत आज कॅलरेक नावाची कंपनी टीव्ही-रेडिओसाठी साउंड मिक्सिंगची यंत्रं बनवते, म्हणजे मिल अजून कामाची आहे, नुसती बघायची नाही. १९०६ मध्ये विणकरांचा पगारावरून संप झाला तो लांबला, १९०७ च्या सुरुवातीला बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या एमेलिन पँकहर्स्ट इथे येऊन संपकऱ्यांसमोर बोलून गेल्या, आणि त्याच वर्षी इथली लॅव्हिना सॉल्टनस्टॉल, कपडे शिवणारी कामगार मुलगी, त्याच हक्कासाठी लंडनला पार्लमेंटवर गेली आणि तुरुंगात गेली. मला हेप्टनस्टॉलच्या प्रसिद्ध कबरींपेक्षा ही मुलगी जवळची वाटते. त्या कबरीही आहेत, अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथची आहे, आणि सोन्याची नाणी कातरून खोटी नाणी पाडणाऱ्या टोळीचा म्होरक्या डेव्हिड हार्टली, १७७० मध्ये यॉर्कला फाशी गेलेला, तोही तिथेच आहे.

कापसाचं म्हणाल तर मी खामगावची, त्यामुळे विषय निघणारच. १८६१ ते ६५ अमेरिकेत युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि इथून डोंगरापलीकडच्या लँकेशरच्या गिरण्यांत आपल्या देशाचा माल आला, त्यात खानदेश-वऱ्हाडचा पण. आखूड धाग्याचा, कचरा असलेला, मागावर सारखा तुटायचा, कामगार वैतागले होते त्याला. आपल्याकडे त्या वर्षांत भाव चढले आणि युद्ध संपताच कोसळले, शेतकरी बुडाला. त्या भावाच्या दोन टोकांना कोण उभं होतं ते मला ह्या खिडकीत उभं राहिलं की आठवतं.

विसाव्या शतकात गिरण्या एकेक करून बंद पडल्या. १९६० च्या दशकात ब्रिज लेन्स भागातली अशी कितीतरी एकावर एक घरं पाडून टाकली, राहण्यालायक नाहीत म्हणून. उरलेली कवडीमोलाने जायची, आणि तेव्हा सत्तरच्या दशकात इथे हिप्पी आले, चित्रकार, लेखक, रिकाम्या घरात घुसून राहणारे, मग समलिंगी जोडपी, विशेषतः बायका, एवढ्या की देशभर गाव त्यासाठी ओळखलं जायला लागलं. बाहेरून आलेल्याला जुने लोक ऑफकमडन म्हणतात, मी पण ऑफकमडनच. पण ह्या लोकांनी छपरं शाकारली, घरं वाचवली, हे खालच्या बाई स्वतः कबूल करतात. त्याचबरोबर त्या हेही सांगतात की त्यांच्या मुलीला आता ह्या गावात घर परवडत नाही, आणि ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण आमच्यासारखे लोक आले म्हणूनच किमती चढल्या.

२०१५ च्या २६ डिसेंबरला पूर आला. सकाळी सायरन वाजले, युद्धपटात वाजतात तसले, आणि दुपारी खिडकीतून पाहिलं तर मेन रोड म्हणजे तपकिरी नदी. उतारावरची आमची घरं कोरडी राहिली. दुसऱ्या दिवशी वरचे सगळे फावडी घेऊन खाली, मी पण, पुस्तकांच्या दुकानातला चिखल उपसला, हात आठवडाभर दुखत होते. खालसा एड ह्या मदत संस्थेचे शीख स्वयंसेवक कॅल्डर खोऱ्यात गरम जेवण घेऊन आले होते. पुढच्याच वर्षी स्लो द फ्लो नावाने लोक एकत्र आले, हार्डकॅसल क्रॅग्जच्या जंगलात ओढ्यांवर ओंडके आडवे टाकून पाणी अडवतात, म्हणजे अडवत नाहीत, हळू करतात. माझे रविवार त्यात जातात आणि मला आवडतं.

तर मावशी, खालच्या रस्त्यावरून मोजलं तर तिसऱ्या पण आणि वरच्या रस्त्यावरून तळमजल्यावर पण. मे महिन्यात येशील तेव्हा टॅक्सीवाल्याला वरचा रस्ता सांग. खालचं दार वाजवलंस तर त्या बाई उघडतील, आत बोलावून चहाही देतील, पण मग बॅग घेऊन बाजूच्या गिनलने, म्हणजे बोळाने, सगळ्या पायऱ्या चढून वर यावं लागेल. तुझे गुडघे लक्षात घेऊन सांगतेय.